सात पौंडांचं जातं

दक्षिण आफ्रिकेत डर्बनला घर मांडल्यावर मोहनदास गांधी नावाच्या बॅरिस्टरनं एक जाहिरात दिली. मुलांना शिकवायला इंग्रजी शिक्षक हवा. मात्र शिकवायचं ते आपण सांगू त्या पद्धतीनं. साल 1897. जाहिरातीवरून एक इंग्रज बाई मिळाली, पगार महिना सात पौंड. पुढे सात-आठ वर्षांनी जोहान्सबर्गच्या घरात याच माणसानं लोखंडी सामानाच्या दुकानातून एक हातजातं विकत घेतलं. त्याचीही किंमत सात पौंडच. बाईंचा प्रयोग काही दिवस चालला आणि मनासारखा जमेना म्हणून थांबला. जातं मात्र टिकलं. गांधींच्या मुलांचं बिनशाळेचं शिक्षण या दोन खर्चांच्या मधल्या काळात आकाराला आलं.

त्या वर्षी जानेवारीत गांधी बोटीतून उतरले तेव्हा सोबत कस्तुरबा होत्या, नऊ वर्षांचा हरिलाल होता, पाच वर्षांचा मणिलाल होता आणि बहिणीचा दहा वर्षांचा गोकुळदास होता. बॅरिस्टरच्या घरची माणसं सुधारलेली दिसावीत म्हणून कस्तुरबांना पारशी पद्धतीची साडी नेसवली होती आणि पोरांना पारशी कोट, बूट नि मोजे चढवले होते. बूट चावायचे, मोज्यांना घामाचा कुबट वास यायचा, जेवताना काट्या-सुरीशी झटापट करावी लागायची. मुलांनी कुरकुर केली, पण वडिलांच्या शब्दापुढे चाललं नाही. उतरल्या दिवशी गोऱ्यांच्या जमावानं गांधींना रस्त्यात गाठून मारलं, ती हकिकत शाळकरी पुस्तकांतही येते. या पोरांना आता कुठल्या शाळेत घालायचं, हा घरगुती पेच मात्र तिच्याखाली झाकला गेला.

पेच खरा होता. नाताळ वसाहतीतल्या गोऱ्यांच्या शाळांचे दरवाजे हिंदी मुलांना बंद होते. वकील म्हणून गांधींची ओळखपाळख अशी की त्यांच्या मुलांना खास बाब म्हणून प्रवेश मिळाला असता. पण बाकीच्यांच्या मुलांना जे मिळत नाही ते आपल्या मुलांना मेहेरबानी म्हणून घ्यायचं, हे त्यांना रुचेना. मिशनऱ्यांच्या शाळा हिंदी मुलांसाठी खुल्या होत्या. तिथे शिकवणं इंग्रजीत, नाहीतर मोडक्यातोडक्या तमिळ-हिंदीत. गुजराती शिकवणारा माणूस डर्बनमध्ये शोधून सापडेना. मुलांना परत हिंदुस्थानात पाठवावं तर लहान वयात आईबापांपासून तोडू नये अशी त्यांची समजूत. थोरला मुलगा आणि भाचा यांना काही महिने हिंदुस्थानातल्या वसतिगृहाच्या शाळांत ठेवून पाहिलं आणि लवकरच परत बोलावून घेतलं.

म्हणजे सुरुवात शिक्षणशास्त्रातून झालेली नाही. ती झाली स्वाभिमानातून, आणि थोडी अडचणीतून. अमेरिकेत जॉन होल्टनं 1977 मध्ये ‘ग्रोइंग विदाउट स्कूलिंग’ हे नियतकालिक काढलं आणि अनस्कूलिंग हा शब्द तिथल्या घरांत पोचवला. होल्ट स्वतः शाळामास्तर. वर्गात उभं राहून मुलांना घाबरताना पाहिलं आणि शाळेवरचा त्याचा विश्वास उडाला. गांधी शाळेच्या फाटकाबाहेरच राहिले, कारण आत शिरताना शेजाऱ्याच्या पोराला मागे सोडावं लागणार होतं. शाळेवाचूनही मुलं शिकतात, किंबहुना अधिक चांगली शिकतात, हे तत्त्वज्ञान मागाहून आलं. आधी निर्णय आणि मग त्याची कारणं, असं पुष्कळ घरांत होतं. या घरात कारणांचं पुढे राष्ट्रीय धोरण झालं, एवढाच फरक.

घरातलं शिक्षण अक्षरशः जन्मापासून सुरू झालं. 1900 साली देवदासचा जन्म झाला तेव्हा बाळंतपण गांधींनी स्वतःच केलं. कळा अचानक सुरू झाल्या, डॉक्टर आणि सुईण वेळेवर मिळेनात. डॉ. त्रिभुवनदास यांचं आयांसाठी लिहिलेलं गुजराती पुस्तक त्यांनी आधीच बारकाईनं वाचून ठेवलं होतं. बाळाला न्हाऊमाखू घालण्यासाठी आया ठेवली नाही. धाकट्या दोघांचं ते सगळं त्यांनी केलं. मूल पहिल्या पाच वर्षांत जे शिकतं ते पुढे कधीच शिकत नाही, असं त्यांचं मत याच दिवसांत पक्कं झालं.

जोहान्सबर्गला 1905च्या सुमाराला जे घर लागलं त्यात कस्तुरबा, मुलं, गांधींचा तरुण इंग्रज सहकारी हेन्री पोलक आणि पुढे त्याची बायको मिली अशी मंडळी होती. गांधींनी इंग्रज लेखक रस्किन वाचलेला होता. घर साधं करायचं वेड डोक्यात होतं. बाजारची पावरोटी बंद झाली. बिनचाळल्या कणकेची रोटी घरी भाजायची, तर पीठही घरचंच हवं. जात्याचं चाक लोखंडी आणि इतकं जड की एकट्याला ओढवेना; दोघं लागली तर सहज फिरे. त्यामुळे रोज सकाळी जात्याला जोडी लागायची. गांधी आणि पोलक, पोलक आणि एखादा मुलगा, कधी दोन मुलं. मुलांवर सक्ती नव्हती. दमलं की सोडून खेळायला पळावं. अशी मुभा असल्यावर पोरं कामाला चिकटणारच. खेळ आणि दळण यांत फरक मोठी माणसं करतात.

कस्तुरबा मात्र जात्यावर क्वचित दिसत. कारण साधं होतं: दळणाची वेळ तीच त्यांची चूल पेटवण्याची वेळ. गांधींच्या गृहशिक्षणाच्या गोष्टी सांगताना ही गोष्ट बहुधा कुणी सांगत नाही. वडील ऑफिसात, सभेत, नंतर तुरुंगात. घर चोवीस तास चालवत होत्या त्या बा. त्यांना स्वतःला अक्षरओळख जेमतेम. लग्नानंतर नवऱ्यानं शिकवायचा खटाटोप केला होता, तो अर्ध्यावर राहिला. ‘घर हीच शाळा’ म्हटलं की ती शाळा उघडणारं, झाडणारं, पोरांना जेवू घालणारं कुणीतरी लागतं. या शाळेत ते काम बिनपगारी होतं.

घरातला आणखी एक पाठ संडासाचा. मैला न्यायला नगरपालिकेचा माणूस येई, पण संडास धुण्याचं काम घरचीच माणसं करत, त्यात मुलंही. भंग्याच्या कामाची किळस आपल्या एकाही मुलाला कधी वाटली नाही, हे गांधींनी मागे वळून पाहताना अभिमानानं नोंदवलं आहे. शतकापूर्वीच्या सवर्ण हिंदू घरातल्या मुलांच्या बाबतीत ही नोंद थोडीथोडकी नाही. घरात कुणी आजारी पडलं तर शुश्रूषाही मुलंच करत. जातं, संडास, आजाऱ्याची उशागत: अभ्यासक्रम म्हणून कागदावर कुणी लिहिला नसता, पण अंगी लागला.

आणि अक्षरं? त्यांच्यासाठी वेळ ठरला होता ऑफिसच्या वाटेवर. घरापासून ऑफिस गांधी पायीच जात. जाऊन-येऊन पाचेक मैल. मुलं सोबत असत. चालता चालता गोष्टी, प्रश्न, थोडं गणित, थोडा इतिहास. सगळं गुजरातीत. पोलकला हे पटायचं नाही. इंग्रजीसारखी जगभर चालणारी भाषा मुलांना लहानपणापासून आली तर पुढच्या शर्यतीत ती कितीतरी पुढे राहतील, असं तो तावातावानं मांडे. दोघांचे या विषयावर खटके उडत. गांधी हटले नाहीत. घरात इंग्रज मित्रांचा वावर असल्यानं मुलं इंग्रजी बोलायला तशीही शिकलीच.

पण या फिरत्या वर्गाला एक अट होती. वाटेत दुसरं कुणी बोलायला आलं नाही, तरच धडा. सार्वजनिक कामात बुडालेल्या वकिलाच्या बाजूनं वाटेत कुणी ना कुणी चालू लागणारच. रोज नेमानं निदान एक तास देता आला असता तर मुलांना आदर्श शिक्षण मिळालं असतं, पण तो तास आपल्याला देता आला नाही, याची खंत गांधींनीच आत्मकथेत व्यक्त केली आहे. मुलांनाही ती होती, हेही तिथेच आहे. वडिलांच्या खंतीला वाचक मिळाले. मुलांची खंत घरातच धुमसत राहिली.

दरम्यान डर्बनपासून चौदा मैलांवर फिनिक्सची वसाहत उभी राहिली होती. 1904 मध्ये घेतलेली शंभर एकर जमीन, पत्र्याची शेड, गवत, साप आणि ‘इंडियन ओपिनियन’ साप्ताहिकाचा छापखाना. वसाहतीत राहणाऱ्यानं खिळे जुळवायला शिकलंच पाहिजे असा दंडक होता. पुतण्या मगनलाल त्यात सगळ्यांच्या पुढे गेला. गांधी स्वतः या कामात कच्चेच राहिले. गांधींचा दुसरा पुतण्या छगनलाल, त्याचा मुलगा प्रभुदास इथेच वाढला, आणि त्यानं या बालपणावर गुजरातीत ‘जीवननुं परोढ’ हे पुस्तक लिहिलं. वसाहतीच्या मुलांसाठी एक शाळा होती, पण छापखाना, बाग आणि पाणी यांतून उरलेल्या वेळातली.

फिनिक्सचं तत्त्व सर्वांत स्पष्ट दिसतं ते एका तुरुंगातल्या पत्रात. 1909च्या मार्चमध्ये गांधी सत्याग्रहामुळे प्रिटोरियाच्या तुरुंगात होते. महिन्याला एकच पत्र लिहायची परवानगी. ते पत्र त्यांनी सोळा वर्षांच्या मणिलालला लिहिलं, कारण तो अस्वस्थ होता. बरोबरीची मुलं परीक्षा देत होती. आपलं पुढे काय, हा त्याचा प्रश्न. वडिलांनी लिहिलं त्याचा सारांश असा की अक्षरज्ञान म्हणजे शिक्षण नव्हे. आजारी आईची सेवा कर, वहिनीला सांभाळ, बागेत खण, घरखर्चाची पै न् पै लिहून ठेव, गणित आणि संस्कृत मन लावून कर. पत्र प्रेमळ आहे. पण सोळा वर्षांच्या मुलानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे का, असं विचारलं तर वाचणाऱ्याला थोडं थांबावं लागतं.

पुढच्या वर्षी, 1910 मध्ये, हर्मन कॅलनबाख या जर्मन वास्तुविशारद मित्रानं जोहान्सबर्गपासून एकवीस मैलांवरची आपली अकराशे एकर जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी मोफत वापरायला दिली. तिला नाव दिलं टॉलस्टॉय फार्म. संत्री, जरदाळू, आलुबुखार अशी हजारेक फळझाडं, एक छोटं घर, दोन विहिरी आणि पाचशे यार्डांवर एक झरा. पाणी कावडीनं आणायचं. ज्यांचे बाप तुरुंगात होते अशी मुलं इथे राहायला आली: हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती, कुणाच्या घरी तमिळ, कुणाच्या गुजराती, कुणाच्या हिंदी. चाळीसेक तरुण, दोन-तीन म्हातारे, पाच बायका आणि वीस-तीस मुलं, त्यांत मुली चार-पाच.

गांधींच्या घरात जे अर्धवट साधलं होतं ते इथे बऱ्यापैकी जमलं. नोकर नाही. स्वयंपाकापासून मैला पुरण्यापर्यंत सगळं राहणाऱ्यांनीच करायचं. ज्यानं त्यानं आपलं ताट घासायचं, मोठी भांडी पाळीपाळीनं. खरकटं आणि मैला चरांत पुरून त्यावर माती लोटायची, त्यामुळे माशा नाहीत आणि वास नाही. मुलं खड्डे खणत, झाडं तोडत, ओझी वाहत. फळझाडांच्या कामात ती रमत. वाढत्या अंगाला इतकी मेहनत मिळाल्यावर वेगळ्या व्यायामाची गरज उरली नाही. आजारपण क्वचित.

चपलांचं प्रकरण तर मुळातून पाहण्यासारखं आहे. वसाहतीत कुणाला चांभारकाम येत नव्हतं. डर्बनजवळच्या मारियानहिल इथं ट्रॅपिस्ट जोगी राहत, ते चपला करत. कॅलनबाख तिथे जाऊन काम शिकून आला. त्याच्याकडून गांधी शिकले, गांधींकडून मुलं. सुतारकाम येणारा एक जण होता, कॅलनबाखलाही ते येत होतं. मग बाक, पेट्या, लागेल ते लाकूडसामान मुलांच्या हातून होऊ लागलं. स्वयंपाक तर जवळपास सगळ्यांनाच आला. जे काम शिक्षक करत नाही ते मुलाला सांगायचं नाही, असा नियम होता. या नियमामुळे एक गंमत झाली: शिकवणारा आणि शिकणारा बऱ्याचदा एकाच आठवड्यात शिकत असत.

पुस्तकी तास जेवणानंतर. सकाळ शेताला आणि घरकामाला गेलेली, त्यामुळे मोकळी वेळ तीच; आणि झोपेचीही तीच. मुलं पेंगत, मास्तर पेंगत. डोळ्यांवर पाणी मारायचं, मुलांशी खेळून झोप उडवायची, आणि तरीही कधी कधी झोप जिंकायची. जास्तीत जास्त तीन तासिका. हिंदी, तमिळ, गुजराती, उर्दू, थोडी इंग्रजी. गुजराती हिंदू मुलांना थोडं संस्कृत. सगळ्यांना इतिहास, भूगोल, अंकगणिताची तोंडओळख. तमिळ आणि उर्दू गांधी शिकवणार! त्यांचं तमिळ पोपच्या क्रमिक पुस्तकापलीकडे गेलेलं नव्हतं, तेही बोटीवर आणि तुरुंगात बसून शिकलेलं. समोरच्या तमिळ मुलांना भाषा त्यांच्याहून चांगली यायची, लिपी मात्र यायची नाही. मास्तर लिपी शिकवी, आपलं अज्ञान लपवत नसे, आणि मुलं चालवून घेत.

पाठ्यपुस्तकं जवळपास नव्हतीच. मुलांना वाचून दाखवण्यापेक्षा तोंडी सांगितलेलं जास्त लक्षात राहतं, हा गांधींचा अनुभव. रमजानच्या महिन्यात मुसलमान मुलांनी रोजे धरावेत म्हणून त्यांनीच प्रोत्साहन दिलं, आणि सोबत म्हणून बाकीच्यांनीही दिवसातून एकदाच, संध्याकाळी जेवायचं ठरवलं. धर्माचा तास कुठल्या वेळापत्रकात नव्हता. जेवणाच्या वेळेतच तो झाला.

म्हणून सगळं गोड होतं असं नाही. एक सतरा वर्षांचा मुलगा दांडगा होता, खोटं बोलायचा, भांडणं काढायचा. एकदा गांधींनी रूळ उचलून त्याच्या दंडावर हाणला. मारताना ते स्वतः थरथरत होते. मुलानं रडून माफी मागितली, पण या माराचा आपल्याला आजही पश्चात्ताप होतो, असं त्यांनी पुढे लिहिलं. दुसऱ्या प्रसंगाबद्दल मात्र त्यांना असा पश्चात्ताप झाला नाही. काही मुलांनी दोन मुलींची चेष्टा केली. गांधींनी मुलांना समज दिली. त्याचबरोबर मुलींकडे कुणी वाकड्या नजरेनं पाहू नये म्हणून त्या दोघींचे लांबसडक केस कापायचं ठरवलं, घरातल्या बायकांना मोठ्या मिनतवारीनं राजी केलं आणि कात्री स्वतः चालवली. चूक मुलांची, केस मुलींचे. शाळा काढून टाकली म्हणून शाळेतले सगळे दोष जात नाहीत. इथे तर शिक्षक, वडील आणि न्यायाधीश एकच माणूस होता, दाद मागायला दुसरी खोली नव्हती.

कॅलनबाखला वेगळीच काळजी होती. तुमची मुलं या उनाड पोरांत मिसळून बिघडतील, असं तो म्हणे. गांधींचं उत्तर ठाम: आपल्या मुलांना वेगळं काढलं तर आपण इतरांहून श्रेष्ठ आहोत ही बाधा त्यांना होईल. 1897 सालचा युक्तिवादच हा, फक्त आता फाटकाची दुसरी बाजू होती.

हरिलाल या सगळ्यात कुठेच नीट बसला नाही. बालपणाचा मोठा काळ हिंदुस्थानात गेला, लग्न 1906 मध्ये, मग दक्षिण आफ्रिकेत येऊन सत्याग्रहात तुरुंगवाऱ्या. इतक्या की लोक त्याला छोटे गांधी म्हणू लागले. तुरुंगाला तो भ्यायला नाही. त्याला हवं होतं शाळेचं शिक्षण. गांधींचे मित्र डॉ. प्राणजीवन मेहता यांनी इंग्लंडला जाऊन शिकण्यासाठी एक शिष्यवृत्ती देऊ केली. निवड गांधींनी करायची होती. त्यांनी छगनलालला पाठवलं. तो प्रकृतीमुळे परतल्यावर ती संधी सोराबजी अडाजानिया या पारशी सत्याग्रहीला दिली. आपल्या मुलाला झुकतं माप द्यायचं नाही, हे तत्त्व पुन्हा एकदा पाळलं गेलं, आणि त्याची किंमत पुन्हा एकदा मुलानंच मोजली.

मे 1911 मध्ये हरिलाल कुणाला न सांगता निघून गेला. डेलागोआ बेच्या बंदरात त्याचा पत्ता लागला, तो परत आला, बापलेकांचं बोलणं झालं. तो काय म्हणाला ते गांधींनीच मगनलालला पत्रात कळवलं: चारही मुलांना तुम्ही दाबून ठेवलंत, त्यांच्या इच्छेला किंमत दिली नाहीत, पुष्कळदा कठोर वागलात. हे सगळं त्यानं अदबीनं सांगितलं, हेही गांधींनी नमूद केलं. मग हरिलाल रीतसर निरोप घेऊन अहमदाबादला गेला आणि तेविसाव्या वर्षी हायस्कूलच्या बाकावर बसला. संस्कृतऐवजी फ्रेंच घेतली म्हणून वडील नाराज. मॅट्रिकमध्ये तो नापास झाला, पुन्हा बसला, पुन्हा नापास झाला. 1915 मध्ये त्यानं वडिलांना लिहिलेलं एक लांबलचक पत्र छापून ओळखीच्यांत वाटलं; त्यातली मुख्य तक्रार शिक्षणाचीच होती.

त्याच्या पुढच्या आयुष्याची परवडच झाली. उलट ज्यांनी कधी सार्वजनिक शाळेचं तोंड पाहिलं नाही त्या भावांपैकी मणिलालनं 1920 पासून 1956 मध्ये मृत्यू होईपर्यंत ‘इंडियन ओपिनियन’ चालवलं आणि देवदास ‘हिंदुस्थान टाइम्स’चा संपादक झाला. घरी खिळे जुळवत मोठी झालेली मुलं वर्तमानपत्रांत गेली, हे ओघानंच आलं. यावरून बिनशाळेचं शिक्षण जिंकलं असं म्हणायला काही जण धावतात, आणि हरिलालवरून ते हरलं असं म्हणायला दुसरे. चार भावांच्या नशिबावरून पद्धतीचा निकाल लावता येत नाही. एवढं मात्र दिसतं की हातांना जे द्यायचं होतं ते या घरानं भरभरून दिलं, आणि नेमानं जे द्यावं लागतं ते पुन्हा पुन्हा राहून गेलं.

गांधी 1914 मध्ये दक्षिण आफ्रिका सोडून निघाले. फिनिक्सची मुलं मगनलालबरोबर आधी हिंदुस्थानात आली आणि काही काळ शांतिनिकेतनात राहिली. स्वतःचा स्वयंपाक स्वतः करणारी ही पोरं तिथल्या वसतिगृहात वेगळीच दिसत होती. 1915च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गांधी तिथे पोचले आणि त्यांनी आचाऱ्यांना रजा देऊन सगळ्या मुलांनी-शिक्षकांनी मिळून रांधावं, असं सुचवलं. रवींद्रनाथांनी संमती दिली. सव्वाशे मुलं आणि मास्तर भाज्या चिरायला बसले. प्रयोग काही काळानं थंडावला, पण शांतिनिकेतनात 10 मार्चला आचारी-नोकरांना सुट्टी देऊन सगळी कामं स्वतः करण्याचा दिवस पाळला जाऊ लागला. तिथेच साताऱ्याचे दत्तात्रेय बाळकृष्ण कालेलकर गांधींना भेटले. काकासाहेब पुढे साबरमतीच्या आश्रमशाळेचे मुख्य आधार झाले. पुढच्या वर्षी, इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेले विनायक नरहर भावे सुरतेला गाडीतून उतरून काशीला गेले आणि जूनमध्ये गांधींच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. घर सोडण्याआधी सगळी प्रमाणपत्रं त्यांनी आईसमोर चुलीत घातली होती. शाळेच्या कागदाविषयी बडोद्यातून आलेल्या या मुलाचं मत गांधींहून कडक होतं.

दक्षिण आफ्रिकेतल्या त्या घराचा खरा हिशेब झाला तो वर्ध्याला. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 या दोन दिवसांत तिथे शिक्षण परिषद भरली आणि गांधींनी आपली योजना मांडली: देशातल्या प्रत्येक मुलाला सात वर्षं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या हस्तव्यवसायाच्या भोवती गुंफलेलं. ज्यानं स्वतःच्या मुलांना शाळेत घातलं नाही तो सगळ्या देशाला शाळेत घालायला निघाला होता. परिषदेनं नेमलेल्या झाकीर हुसेन समितीनं आखलेलं वेळापत्रक पाहण्यासारखं आहे. रोज साडेपाच तास. त्यांत हस्तव्यवसाय तीन तास वीस मिनिटं. संगीत, चित्रकला आणि गणित मिळून चाळीस मिनिटं. मातृभाषा चाळीस मिनिटं. समाज आणि विज्ञान अर्धा तास. कवायत दहा मिनिटं, सुट्टी दहा मिनिटं. जात्याला, बागेला, चपलांना सिंहाचा वाटा. पण अक्षरांची चाळीस मिनिटं आता वाटेत कोण भेटतं यावर अवलंबून नव्हती, आणि शिकवायला तयार केलेला शिक्षक होता.

परिषदेत सगळ्यांनी माना डोलावल्या असं नाही. मुलांच्या हातच्या मालावर शाळेचा खर्च निघावा, या कल्पनेला प्रा. के. टी. शहा यांनी तिथेच विरोध केला. टॉलस्टॉय फार्मवर चपला पायात घालायला केल्या जात. विकायला करू लागलं की मुलाचा मजूर व्हायला वेळ लागत नाही, ही धास्ती रास्त होती.

योजनेत सात वर्षांखालची मुलं नव्हती. 1945च्या सुरुवातीला सेवाग्रामच्या परिषदेत गांधींनी या योजनेची, म्हणजे नयी तालीमची, व्याप्ती जन्मापासून मरणापर्यंत वाढवली, तेव्हा ती आत आली. ही योजना चालवणाऱ्या, आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याच्या हिंदुस्थानी तालिमी संघात शांता नारुलकर यांनी या वयाच्या मुलांचं काम सांभाळलं: अंगण झाडणं, पाणी भरणं, नखं काढणं, भाजी निवडणं, कापूस वेचणं, आणि आयांशी बोलणं. त्याच वर्षी इकडे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात बोर्डीला ताराबाई मोडक गावातल्या वस्त्यांवर बालवाड्या घेऊन पोचल्या. बालवाडीत यायला मुलं तयार नसतील तर बालवाडीनं त्यांच्या अंगणात जावं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांची शाळा कुरणातच भरवावी, हे ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबादला करून दाखवलं.

सेवाग्रामला चाललेल्या नयी तालीमच्या शाळेची मुलं शेती, कताई, रांधणं यांत तरबेज झाली. पण आपल्या पोरानं मॅट्रिक व्हावं, सरकारी नोकरीला लागावं, असं आईबापांना वाटत राहिलं, आणि मूलोद्योगाच्या शाळा हळूहळू मागे पडल्या. सेवाग्रामची शाळाही बंद पडली. 2005 मध्ये ती त्याच आवारात ‘आनंद निकेतन’ या नावानं पुन्हा उघडली. माध्यम मराठी. मुलं वाफे करतात, स्वयंपाक करतात, सूत काततात, त्यातूनच गणित आणि विज्ञान घेतात; सरकारी अभ्यासक्रमही सोबत चालतो.